सात मैल, पाच माळा

माझ्या बेंगळूरच्या घरमालकांना कुणी विचारलं, "कॉफी कशी झालीय?" तर ते आधी एक घोट घेत, मग पेला खाली ठेवत आणि मग विचारत, "कशापेक्षा?"

हे ते खोडसाळपणानं विचारत नसत. नुसतं 'चांगलं' म्हणणं त्यांना अर्धवट सोडलेल्या गणितासारखं वाटे. आजची कॉफी कालच्यापेक्षा चांगली असेल, कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्यापेक्षा वाईट असेल. पण नुसती चांगली कशी असेल? मी बेळगावकडून नोकरीसाठी आलेला. खोली बघायला राजाजीनगरात त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा आपलं गोड बोलावं म्हणून म्हणालो, "खोली छान आहे." झालं. त्यांनी मला पायात चपला घालायला लावल्या, पलीकडच्या गल्लीतल्या एका घरी नेलं, तिथली भाड्याची खोली दाखवली, तिची खिडकी मला मोजायला लावली आणि मग विचारलं, "आता बोल."

"तुमचीच छान," मी म्हणालो.

"सरी," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या दुसऱ्या घराचा मालक दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. पुढची चार वर्षं तो मला रस्त्यात दिसला की मी बाजू बदलत असे.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. राजाजीनगर तेव्हा नवं होतं. निम्म्या घरांना रंग नव्हता आणि सकाळी कारखान्यांच्या भोंग्यांवर लोक उठत. आमचे घरमालक, ज्यांना मी आणि सगळी गल्ली अण्णा म्हणायची, एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं मुलांना लंबक मोजायला शिकवलेला माणूस. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम. त्यांचं घराणं कैक पिढ्यांमागे इकडे आलेलं, घरात मराठी टिकवून बसलेलं. पण त्या मराठीत कानडी शब्द असे मिसळले होते की काढू म्हटलं तर मराठीच उसवली असती. ते माझ्या मराठीची आणि त्यांच्या मराठीची तुलना करत. "तुझी स्वल्प कडक आहे," म्हणत, "आमची मुरलेली."

लग्न राहिलं तेही ह्याच खोडीपायी, असं गल्लीत सांगत. एका मुलीच्या वडलांनी विचारलं, "कशी वाटली मुलगी?" आणि अण्णांनी जे नेहमी विचारायचं तेच विचारलं. पुढचं जेवण झालं नाही.

घरात अण्णा आणि त्यांच्या थोरल्या भावाची विधवा पत्नी, अशी दोनच माणसं. अण्णा त्यांना वैनी म्हणत, मी अक्का म्हणे. अक्का कमी बोलत. त्यांच्या हातात सतत जपमाळ असे, आणि माळ नसेल तेव्हा पळी.

आणि अंगणात दोन मोटारी होत्या.

निवृत्त माणसाच्या अंगणात दोन मोटारी कशा, तर त्याचं असं झालं. चिकपेटेतलं जुनं घर विकून दोघे भाऊ इकडे आले, तेव्हा थोरल्यांनी आपल्या वाट्यातून मॉरिस मायनर घेतली. आठशे तीन सी.सी., जमिनीतून वर आलेला गिअरचा दांडा, गोलसर पाठ. धाकट्यांनी, म्हणजे अण्णांनी, वर्षभरात फियाट अकराशे घेतली. एक हजार एकोणनव्वद सी.सी., गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढची दारं उलटी उघडणारी. थोरले वकील होते. रोज रात्रीच्या जेवणाला त्यांचा खटला उभा राही. अण्णा म्हणत, "दादा, तुझ्यापेक्षा दोनशे शहाऐंशी सी.सी. जास्त." दादा म्हणत, "सी.सी. काय, म्हशीलाही असतात. वळणावर ये माझ्याबरोबर." मॉरिसचं स्टिअरिंग वळणावर कसं हलकं चालतं, हे ते ताटातली वाटी फिरवून दाखवत. मॉरिसला दोन दारांमधल्या खांबातून वळताना एक पिवळा हात बाहेर येई. थोरले तो हात शेडमधून गाडी काढतानाही दाखवत. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. "वळताना सांगून वळावं," असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मला अक्कांनी सांगितलं, कारण मी तिथं राहायला जायच्या दोन वर्षं आधीच थोरले गेले होते. खटल्याचा निकाल लागायचा राहिला होता.

तो निकाल लावायचं अण्णांनी मनावर घेतलं, त्याला कारण घडलं. आमच्यापुढचा रस्ता रुंद होणार होता. कुंपणाची भिंत चांगली आठ फूट आत सरकणार म्हणजे अंगण जाणार, आणि शेडमध्ये तर एकच गाडी मावे. तोवर अण्णांनी न्यायानं वाटणी ठेवली होती. एक आठवडा मॉरिस शेडमध्ये आणि फियाट करंजाच्या झाडाखाली, पुढच्या आठवड्यात उलट. कावळ्यांनासुद्धा त्याची सवय झाली होती. पण आता एक गाडी जायलाच हवी होती. मागच्या गल्लीतले एक डॉक्टर म्हणाले, "कुठलीही द्या, दसरा झाला की नेतो."

दुसऱ्या कुणी आवडती ठेवली असती. अण्णांनी वही आणली. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वजनानं चालवायच्या. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची. हरेल ती जाईल. रस्ता त्यांनी निवडला सर्जापूरचा. गावाबाहेर एका मैलाच्या दगडापासून एका वडाच्या झाडापर्यंत मोजून सात मैल. तेव्हा तिथं नाचणीची शेतं, बैलगाड्या आणि नीलगिरीची झाडं होती. आता तिथं त्या सात मैलांना किती वेळ लागेल, रामालाच ठाऊक.

वेळ मोजायला मात्र घड्याळ नाही. माझ्याकडे नवंकोरं मनगटी घड्याळ होतं, पहिल्या वर्षीच्या कमाईतलं. ते मी मोठ्या तोऱ्यात पुढं केलं. अण्णांनी ते उलटंसुलटं करून परत दिलं. "खड्ड्याखड्ड्यात उडतं ते. आतली कमान हलली की गेलं. घड्याळाला धक्का बसतो, वैनींना बसत नाही."

ह्याचा अर्थ मला नंतर कळला. अक्कांची एकशेआठ मण्यांची माळ, श्रीरामाचा जप, अडीच मिनिटांत पुरी होई. दोन मिनिटं एकोणतीस सेकंद नाही, एकतीस नाही. अण्णांनी हे महिनाभर घरच्या लंबकाच्या घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. अक्का भात त्यावर शिजवत. आठ माळा झाल्या की झाकण काढायचं. दूध उतू जाताना मी त्या घरात कधी पाहिलं नाही.

तेव्हा ठरलं असं. अण्णा चालवणार, अक्का मागं बसून जप करणार, मी पुढं बसून वही धरणार. वडापाशी पोचल्यावर अक्का माळेवरचं बोट दाखवणार आणि मी लिहिणार, इतक्या माळा, इतके मणी. माझं घड्याळ स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून यायचं, म्हणजे दोन मापांचा घोटाळा नको. अक्कांना कुणी विचारलं नाही. त्यांनी चित्रान्नाचा डबा भरला आणि पदर खोचून मागं बसल्या.

ह्या पद्धतीत एकच अडचण होती. माळ सुरू असताना अक्का बोलत नसत. बोललं तर माळ मोडे, पुन्हा पहिल्या मण्यापासून. तिसऱ्या का चौथ्या खेपेला आम्ही मॉरिसमधून भरधाव निघालो होतो. अण्णा मॉरिस चालवताना पायाच्या अंगठ्यापर्यंत जोर लावत आणि डोळे वेगाच्या काट्यावर. मी वहीत रेघा आखत होतो. तिकडे नाचणीची मळणी रस्त्यावरच करायचे, गाड्यांची चाकं जातात म्हणून, आणि कडेला काडाचा ढीग. मागून जपाचा आवाज चढला. "श्रीराम, श्रीराम, श्रीराम!"

"बघ," अण्णा माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, "वैनींचा आज काय भाव लागलाय."

"श्रीराम! श्रीराम!! श्रीराम!!!"

आणि आम्ही ढिगात शिरलो. कुणाला काही लागलं नाही. सगळीकडे पिवळा अंधार, काचेवर काड, आणि त्या शांततेत मागं माळ चालूच. मेरुमणी आला, अक्कांनी माळ डोळ्यांना लावली आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, समोर काड होतं."

"अय्यो, मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगतच होते की."

शेतकरी आणि त्याचे दोघे भाऊ हसत हसत आम्हाला बाहेर काढत होते आणि अण्णा मला म्हणत होते, "लिही. काडापर्यंत तीन माळा चाळीस मणी, वैनी म्हणतात." मी लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर काडाचा एक तुकडाही आहे.

चाचणी झाली की बेळ्ळंदूरच्या तळ्याच्या बांधावर बसून आम्ही चित्रान्न खायचो. पाणी स्वच्छ होतं, बगळे असायचे. अण्णा वही उघडून बसत आणि त्यांचा चेहरा पडे. कारण निकाल लागतच नव्हता. मॉरिस, पाच माळा. फियाट, पाच माळा. दोनचार मणी इकडे तिकडे. तीन चाचण्यांच्या सहा झाल्या, सहाच्या दहा. दसरा जवळ आला, डॉक्टर रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन खाकरू लागले.

आता मी काही पदार्थविज्ञान शिकलेला नाही, पण आठशे तीन आणि एक हजार एकोणनव्वद ह्यांतलं मोठं कुठलं, एवढं मला कळतं. शिवाय मी पुढच्या सीटवर बसत होतो. फियाटमध्ये असताना एकदा उतारावर एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. त्याच्या मागं कॅरिअरवर कोंबड्यांची टोपली होती. तो वळून आमच्याकडे बघत गेला, कोंबड्याही बघत गेल्या. आणि वहीत काय? पाच माळा, दोन मणी. मॉरिसमध्ये माझा जीव मुठीत असे, आणि तरी पाच माळा.

मला राहवेना. पुढच्या रविवारी मी घड्याळ फळीवर ठेवलं नाही. बाहीच्या आत, कोपरापर्यंत चढवून नेलं. त्या दिवशी दोन्ही गाड्यांची पाळी होती. सकाळी एक, दुपारी एक. मॉरिसला सात मैलांना सव्वानऊ मिनिटं लागली. फियाटला पंधरा. माळा दोन्हीकडे पाच.

म्हणजे मॉरिसमध्ये अक्कांची माळ दोन मिनिटांच्या आतच संपत होती आणि फियाटमध्ये तिला तीन मिनिटं लागत होती. ज्या माळेवर त्या घरातला भात शिजत होता, ती माळ!

मला पहिल्यांदा हसू आलं. म्हटलं, अक्का पक्क्या आहेत. दिराची फियाट टिकावी म्हणून देवाच्या नावात खोट करतायत. त्यांना चिडवावं म्हणून संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि सगळा हिशोब सांगितला. त्या कॉफीच्या बिया भाजत होत्या. त्यांचा हात थांबला, आणि बिया करपल्याचा वास आला. हेही मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

"मी काही केलं नाही रे," त्या म्हणाल्या. "माळेची शपथ. मी नेहमीसारखीच करते."

मला फार शरम वाटली. उठणार होतो, तर त्या तव्याकडेच बघत म्हणाल्या, "ह्यांच्या गाडीत बसलं की समोर मान दिसते. भाऊजींची मान नि ह्यांची मान मागून एकसारखी. तोच शर्ट, तीच गाडी, तसंच डोकं. मी डोळे मिटते. मग कधी पोचतो, कधी पोचतो, असं होतं. तेव्हा भराभर होत असेल जप, नि फियाटमध्ये निवांत. मला कळत नाही ते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत अक्का? गेलेलीच बरी ना ती गाडी?"

"भाऊजींचा जीव आहे तीत. मी कशी सांगू, नको म्हणून?"

मी बाहेर आलो तेव्हा अण्णा फियाट पुसत होते. करंजाच्या झाडाखाली तिचा आठवडा होता. मला आतून गलबलून आलं होतं आणि तसं झालं की मी भांडतो, ही माझी जुनी खोड. मी सरळ विचारलं, "अण्णा, फियाट चालवताना पाय का उचलता?"

त्यांनी 'कशापेक्षा' विचारलं नाही. फडकं पिळलं.

"दादा असता तर मी त्याला कधीच हरवला असता," ते म्हणाले. "सरळ, भर चौकात. पण आता तो उत्तर द्यायला नाही. मी एकटाच बोलणार नि मीच जिंकणार, हे सरी नाही. आणि वैनींकडे त्याचं दुसरं आहे काय? एक ती गाडी. ती मी न्यायची डॉक्टरच्या घरी? पण ही फियाट हरतच नाही रे! किती सावकाश नेली तरी हरत नाही."

मी बाहीतून घड्याळ काढलं आणि आकडे सांगितले. अक्का काय म्हणाल्या तेही सांगितलं. सांगू नये असं त्या म्हणाल्या नव्हत्या, आणि म्हणाल्या असत्या तरी मी सांगितलं असतं. इतकी वर्षं झाली, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

अण्णा आधी घड्याळावरच घसरले. "चोरून नेलंस? किती वेळा मोजलंस? एकदाच? एकदाचं माप म्हणजे सुम्मने, उगाच बडबड." मग त्यांनी वही मागवली, पायरीवर बसले आणि पहिल्या पानापासून सगळ्या माळांवरून बोट फिरवत गेले. काडाच्या पानावर थांबले.

"धक्का बसत होता," ते अखेर म्हणाले. "वैनींना धक्का बसत होता आणि मी आकडे घेत होतो. तीस वर्षं लॅबमध्ये काय केलं मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्कांना बाहेर बोलावलं. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या. "वैनी, माळ आत ठेवून या," म्हणाले. अक्का माळ ठेवून आल्या. रिकाम्या हातांचं काय करावं त्यांना कळेना, त्यांनी पदर धरला.

"कुठली ठेवू?" अण्णांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. मी मान खाली घातली. "फियाट ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, "ती हळू जाते."

मला हसू आवरेना. अण्णा आधी फियाटच्या बाजूनं भांडायला निघाले, एक हजार एकोणनव्वद म्हणजे काय असतं वगैरे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि तेही हसले. अक्का मात्र गंभीर. त्यांच्या दृष्टीनं सात मैलांना पंधरा मिनिटं म्हणजे उत्तम गाडी होती.

दसऱ्याला आयुधपूजा दोन्ही गाड्यांची झाली. दोघींना झेंडूचे हार, दोघींच्या चाकाखाली लिंबं. अण्णांनी दोन्ही हार पट्टीनं मोजून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. अण्णांनी त्यांना तासभर मॉरिस समजावून सांगितली. चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कधी, वळणावर स्टिअरिंग कसं बोटांनी धरायचं. ते त्यांनी डॉक्टरांना अंगणातली कुंडी फिरवून दाखवलं. मी थोरल्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण ती वाटी मला आठवली. अक्का दारात आल्या, गाडीला कुंकू लावलं आणि आत गेल्या. आतून जपाचा आवाज येऊ लागला, एका लयीत, घाई नाही की रेंगाळणं नाही.

गाडी निघाली. अण्णा आणि मी कुंपणापाशी उभे. आमची गल्ली संपून रस्ता वळतो तिथं मॉरिस पोचली आणि तिच्या खांबातून तो पिवळा हात बाहेर आला. रस्त्यावर कुणी नव्हतं. डॉक्टरांना अण्णांनीच सांगून ठेवलं असणार. हात दोनचार क्षण तसाच राहिला, मग गाडी वळली.

अण्णा रडत होते. लपवून नाही, अगदी सरळ, शर्टाची बाही डोळ्यांना लावून. भावाची आठवण ती गाडी वैनींसाठी जपतेय, असं ते इतकी वर्षं समजत होते. ती कुणासाठी होती ते मला त्या वेळी दिसलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "गाडी चांगली होती, अण्णा."

बोललो आणि जीभ चावली. आता ते विचारणार, आणि मला आठशे तीन आणि एक हजार एकोणनव्वद घेऊन उभं राहावं लागणार. मी वाट बघत राहिलो. त्यांनी खिशातली पट्टी काढली, बाहीनं पुसली, परत खिशात ठेवली.

"होती रे," ते म्हणाले. "चांगली होती."